प्रवेश परीक्षेची तयारी आठवीपासून, क्लासची फी मात्र दहावीनंतर

मागच्या उन्हाळ्यात अंबड एमआयडीसीत काम करणारे एक गृहस्थ मुलीला घेऊन घरी आले. हातात आठवीच्या ‘फाउंडेशन’ बॅचचं माहितीपत्रक होतं. दोन हप्त्यांत फी, महिनाअखेरीआधी नाव घातलं तर सूट. ‘‘मॅडम, आत्ता लावलं नाही तर पोरगी मागं पडेल का?’’

मी मुलीपुढे कोरा कागद सरकवला. ‘‘एका संख्येच्या पाऊणपटीतून २ वजा केले तर ७ उरतात. संख्या कोणती?’’ तिनं १२ काढले, उत्तर बरोबर. पण दोनदा खोडरबर फिरलं आणि चार मिनिटं गेली. इंजिनीअरिंगच्या राज्य प्रवेश परीक्षेत, म्हणजे एमएचटी-सीईटीत, गणिताच्या अख्ख्या प्रश्नाला १०८ सेकंद मिळतात. मी वडिलांना म्हटलं, ‘‘दादा, फी खिशातच ठेवा. रोज वीस मिनिटं पोरीजवळ बसता येईल का ते सांगा.’’

मी नाशिकरोडच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवते. वीसेक वर्षांत माझ्यापुढे बसलेली मुलं अवघड धडा आला म्हणून क्वचितच अडली. त्यांना अडवलं ते अपूर्णांकांनी, इंग्रजीतल्या प्रश्नानं, नाहीतर वेळेवर न काढलेल्या दाखल्यानं. या तिन्हींची तजवीज आठवीपासून घरच्या घरी होते आणि कुठलाच क्लास ती नीट करून देत नाही. म्हणून हे इयत्तावार लिहिते आहे.

आधी परीक्षा ओळखा

पालक ‘सीईटी-नीट-जेईई’ हे एका दमात म्हणतात, पण तिन्हींचा स्वभाव वेगळा आहे.

एमएचटी-सीईटी ही राज्याची परीक्षा. इंजिनीअरिंग, फार्मसी, कृषी यांचे राज्यातले बहुतेक प्रवेश हिच्यावर होतात. पीसीएम (भौतिक, रसायन, गणित) गटात १५० प्रश्न, २०० गुण. भौतिक आणि रसायन मिळून १०० प्रश्नांना ९० मिनिटं, गणिताच्या ५० प्रश्नांना पुढची ९० मिनिटं. गणिताचा प्रश्न दोन गुणांचा. पहिला भाग संपला की मागे जाता येत नाही. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. अभ्यासक्रम राज्य मंडळाचा, सुमारे २० टक्के अकरावीवर आणि ८० टक्के बारावीवर. वेळेचा हिशेब केला तर भौतिक-रसायनात एका प्रश्नाला ५४ सेकंद. इथे वेगाला भाव आहे.

जेईई मेन ही इंजिनीअरिंगची देशपातळीवरची परीक्षा, जानेवारी आणि एप्रिल अशी दोनदा होते. २०२५ पासून ७५ प्रश्न, ३०० गुण, तीन तास. प्रश्नाला १४४ सेकंद मिळतात, पण एकाच प्रश्नात दोन-तीन धडे गुंतलेले असतात. बरोबरला ४, चुकीला उणे १. पहिल्या अडीच लाखांना जेईई ॲडव्हान्स्ड, म्हणजे आयआयटीची परीक्षा, देता येते. एनआयटी-आयआयटीसाठी खुल्या गटातल्या मुलाला बारावीत ७५ टक्के, किंवा आपल्या मंडळाच्या पहिल्या २० पर्सेंटाइलमध्ये (वरच्या २० टक्के मुलांत) जागा, हेही लागतं. हे घरात सगळ्यांत उशिरा कळतं.

नीट वैद्यकीयसाठी. २०२५ ची नीट ओएमआर शीटवर (पेननं गोल भरायच्या उत्तरपत्रिकेवर) झाली: १८० प्रश्न, १८० मिनिटं, ७२० गुण. त्यातले ९० प्रश्न जीवशास्त्राचे. प्रवेशाच्या वर्षी ३१ डिसेंबरपर्यंत १७ वर्षं पूर्ण लागतात, म्हणून लवकर शाळेत घातलेल्या मुलाची जन्मतारीख आजच मोजा.

बाकीच्या परीक्षा थोडक्यात. सैन्यदलांत अधिकारी व्हायची एनडीए वर्षातून दोनदा होते, गणित ३०० आणि सामान्य क्षमता ६०० गुणांची. मुलींना २०२१ पासून ती देता येते आणि मुलींसाठी शासनाची सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था आपल्या नाशिकमध्येच आहे. तिथली निवड दहावीच्या वर्षी होते, त्यामुळे नववीतच चौकशी करावी. वास्तुशास्त्राला नाटा, कायद्याला क्लॅट किंवा राज्याची विधी सीईटी. बीबीए-बीसीएलाही २०२४ पासून राज्याची वेगळी सीईटी आहे. कॉमर्सच्या कितीतरी मुलांना हे फॉर्मची तारीख उलटल्यावर समजतं.

आठवीत यातली एक निवडायची गरज नाही. पण अकरावीचा ऑनलाइन अर्ज भरताना निवड झालेली हवी. मुलाचं गणित आणि जीवशास्त्र दोन्ही बरं असेल आणि मन ठरत नसेल, तर अकरावीला दोन्ही विषय ठेवावेत. ‘बायफोकल’, म्हणजे व्यवसायाकडे नेणारा विषय, घ्यायचं असेल तर लक्षात घ्या, की कॉम्प्युटर सायन्स किंवा इलेक्ट्रॉनिक्स २०० गुणांचं असतं. त्यासाठी सहसा दुसरी भाषा आणि जीवशास्त्र सोडावं लागतं. नीटचा विचार मनात असेल तर ते दार तिथंच बंद होतं.

आठवी-नववी: हात वळू द्या

या दोन वर्षांत रोज वीस-पंचवीस मिनिटं पुरतात, पण रोज. रविवारी एकदम तीन तास बसवून भरपाई होत नाही.

पहिले तीन महिने फक्त आकडेमोड: अपूर्णांक, दशांश, घातांक, वर्गमूळ, शेकडेवारी, प्रमाण. तोंडी आणि कागदावर, कॅल्क्युलेटर कपाटात. या तिन्ही परीक्षांत तो चालत नाही. १ ते ३० चे वर्ग आणि १ ते १५ चे घन पाठ असावेत. पाठांतराला नाकं मुरडणाऱ्यांना मी एवढंच सांगते, की संधिप्रकाशात पायऱ्या मोजत उतरणं आणि सवयीनं उतरणं यात फरक असतो.

मग अवयव पाडणं, समीकरणं, एका सूत्रातून हवी ती राशी बाजूला काढणं. हे शेवटचं फार महत्त्वाचं. भौतिकशास्त्रात अकरावीची निम्मी मुलं सूत्र पाठ असूनही हरतात, कारण वर्गमुळात अडकलेली राशी त्यांना बाहेर काढता येत नाही. नववीच्या विज्ञानात ‘गतीचे नियम’, ‘कार्य आणि ऊर्जा’, ‘धाराविद्युत’, ‘द्रव्याचे मोजमाप’ हे धडे आहेत. अकरावीचं भौतिक आणि रसायन यांच्याच खांद्यावर उभं राहतं. ‘द्रव्याचे मोजमाप’मध्ये मोल येतो. शाळेत तो धडा एका आठवड्यात उरकतात. घरी त्याला तीन आठवडे द्या. १८ ग्रॅम पाणी म्हणजे एक मोल, मग ९ ग्रॅम म्हणजे किती आणि त्यात रेणू किती, अशी उदाहरणं चहा पितापिता विचारता आली पाहिजेत.

धडा झाल्यावर मुलानं तो पुस्तक मिटून कुणालातरी समजावून सांगावा. आजीला सांगितला तरी चालेल. आजी ‘‘म्हणजे काय रे?’’ असं विचारते, तो प्रश्न कुठल्याही प्रश्नसंचात सापडत नाही.

परीक्षा देण्याची सवय लागायला शाळेतल्या परीक्षा पुरेशा आहेत. शासनाची शिष्यवृत्ती परीक्षा, आणि शासकीय, स्थानिक स्वराज्य संस्थेच्या किंवा अनुदानित शाळेत असाल तर एनएमएमएस ही केंद्राची शिष्यवृत्ती परीक्षा. एनएमएमएसमध्ये बौद्धिक क्षमता आणि शालेय क्षमता असे ९०-९० प्रश्नांचे दोन पेपर असतात. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत हवं. निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला १२ हजार रुपये मिळतात, त्यातून अकरावीची पुस्तकं सहज सुटतात. विज्ञानाची ओढ असलेल्या मुलाला होमी भाभा बालवैज्ञानिक किंवा दहावीपर्यंतच्या मुलांसाठीची एनएसईजेएस ही विज्ञानाची परीक्षा द्यायला सांगा. नंबर नाही आला तर घरी शोक करू नका, प्रश्नपत्रिका जपून ठेवा. ती अकरावीत पुन्हा सोडवायला मजा येते.

मराठी माध्यमाची पायरी

काही वर्षांपूर्वी दिंडोरी तालुक्यातला एक मुलगा माझ्या वर्गात आला. दहावीला ९४ टक्के, मराठी माध्यम. पहिल्या चाचणीत २५ पैकी ६. मी त्याला बाजूला घेऊन तोच पेपर तोंडी मराठीत विचारला, तर त्यानं १९ गुणांची उत्तरं दिली. त्याला ‘त्वरण’ येत होतं, ‘ॲक्सिलरेशन’ येत नव्हतं. दिवाळीपर्यंत तो सावरला, पण तोवर स्वतःला ‘ढ’ समजायला लागला होता. त्याचं पुढे बरं झालं. पण ते चार महिने त्याला फुकट सोसावे लागले, कारण यावरचा उपाय साधा आहे आणि नववीत सुरू करता येतो.

अकरावी विज्ञानाची शिकवणी इंग्रजीत असते. म्हणून दोन रकान्यांची वही करा. डावीकडे मराठी संज्ञा, उजवीकडे इंग्रजी: संवेग आणि मोमेंटम, जडत्व आणि इनर्शिया, अपवर्तन आणि रिफ्रॅक्शन, क्षपण आणि रिडक्शन, पेशीद्रव्य आणि सायटोप्लाझम. प्रत्येक धड्याचे दहा-पंधरा शब्द, स्पेलिंगसकट, इंग्रजी रकाना इंग्रजी लिपीतच. शब्द शोधायला कोश नको: बालभारतीच्या संकेतस्थळावर तेच पाठ्यपुस्तक दोन्ही माध्यमांत फुकट मिळतं. दोन्ही शेजारी उघडा आणि तोच परिच्छेद आधी मराठीत, मग इंग्रजीत वाचा. आशय आधीच ठाऊक असल्यामुळे इंग्रजी अंगावर येत नाही.

पण घात करतात ते संज्ञांपेक्षा प्रश्नातले साधे शब्द. ‘रिस्पेक्टिव्हली’, ‘निग्लिजिबल’, ‘ॲट रेस्ट’, ‘इनकरेक्ट’, ‘अनलेस’. ‘रिस्पेक्टिव्हली’चा अर्थ ‘अनुक्रमे’ हे माहीत नसल्यानं उत्तरांची अदलाबदल झालेले पेपर मी ढिगानं तपासले आहेत. यांची वेगळी यादी ठेवा. साठ-सत्तर शब्दांत काम भागतं. सेमी-इंग्रजीच्या मुलांनाही ही यादी लागते. त्यांना संज्ञा येतात, लांब वाक्य आलं की मात्र दम लागतो.

पेपर कुठल्या भाषेत द्यायचा? जेईई मेन आणि नीट मराठीतही देता येतात. एमएचटी-सीईटीत भौतिक, रसायन, जीवशास्त्र मराठीत घेता येतं, गणित मात्र इंग्रजीतच असतं. माझं मत विचाराल तर विचार मराठीत करा, पेपर इंग्रजीत द्या. दोन वर्षं शिकवणी, पुस्तकं, सराव सगळं इंग्रजीत झाल्यावर ऐन परीक्षेत ‘विभवांतर’ वाचून थबकायला नको. तरीही ज्याला खात्री नाही त्यानं एकच सराव पेपर दोन्ही भाषांत सोडवून वेळ मोजावा. घड्याळ सांगेल ते ऐकावं.

दहावी: बोर्ड आणि कागदपत्रं

दहावीत वेगळी प्रवेश परीक्षा-तयारी नको. बीजगणितातली वर्गसमीकरणं, भूमितीतली समरूपता, निर्देशक भूमिती, त्रिकोणमिती आणि विज्ञान भाग एकमधले गुरुत्वाकर्षण, रासायनिक अभिक्रिया, अपवर्तन, भिंगे, कार्बनी संयुगे एवढं मन लावून केलं, की अकरावीचं जवळपास पाव ओझं उतरतं. फक्त एक बदल: ‘महत्त्वाचे प्रश्न’ म्हणून सूत्रांची सिद्धता टाळू नका.

त्याऐवजी पालकांनी दहावीत धावपळ करायची ती कागदांसाठी.

बोर्डाचा फॉर्म भरण्याआधी शाळेच्या जनरल रजिस्टरमधलं नाव, आईचं नाव, जन्मतारीख आणि आधारवरची तीच माहिती अक्षर न् अक्षर जुळते का ते पाहा. चूक असेल तर आत्ता मुख्याध्यापकांकडे अर्ज द्या. दहावीचं प्रमाणपत्र छापून आल्यावर तीच दुरुस्ती करताना चपला झिजतात. आमच्याच घरात माझ्या भाच्याच्या नावातलं एक अक्षर आधारवर जास्त होतं. शेवटच्या आठवड्यात केंद्रावर रांगेत उभं राहून आम्ही ते नीट केलं, आणि त्या आठवड्यात त्यानं एक पानही वाचलं नाही.

जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, अधिवास प्रमाणपत्र सेतू किंवा ‘आपले सरकार’ केंद्रातून काढून ठेवा. ओबीसींना जातीच्या पुराव्यासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीची नोंद लागते, विमुक्त-भटक्या जमातींना २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीची. पणजोबांच्या शाळेचा उतारा शोधायला गावी दोन-तीन खेपा होतात, त्या मे महिन्यातच करा. जात पडताळणीचा अर्ज अकरावीत गेल्याबरोबर कॉलेजमार्फत द्या. बारावीच्या निकालानंतर समितीच्या दारात उभे असलेले पालक दरवर्षी दिसतात आणि दरवर्षी पोटात कालवतं.

आणखी एक खाच. राज्याच्या प्रवेशाला राज्याचं नॉन-क्रिमिलेयर (उत्पन्न मर्यादेत असल्याचा दाखला, एनसीएल) चालतं, पण जेईई-नीटसाठी ओबीसी-एनसीएल केंद्राच्या नमुन्यात लागतं. केंद्राची यादीही वेगळी आहे. आपली जात दोन्ही यादींत आहे का ते आधी बघा. ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक) प्रमाणपत्र दरवर्षी नवं काढावं लागतं. सगळ्याची एक प्लॅस्टिक फाइल करा आणि मोबाइलमध्ये स्कॅन ठेवा.

नीटवाल्यांनी हेही ध्यानात ठेवावं: राज्याच्या ८५ टक्के कोट्यासाठी अधिवासाबरोबर दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून झालेली असावी लागते, अपवाद थोडेच आहेत. ‘राजस्थानात कोटाला क्लाससाठी पाठवू, तिथंच बारावी होईल’ असं ठरवण्याआधी हा नियम वाचा.

दहावीनंतरची सुट्टी

मार्च अखेरपासून अकरावीचे वर्ग सुरू होईपर्यंत तीन महिने सहज मिळतात. पहिले दहा दिवस मोकळे सोडा. गंगाघाट, पांडवलेणी, मामाचं गाव, काय हवं ते. मग रोज दोन तास: त्रिकोणमितीची सूत्रं, आलेख वाचणं, सदिश, लॉगॅरिदम. रसायनाची पहिली तीस मूलद्रव्यं. आणि संगणकावर बसणं. सीईटी आणि जेईई संगणकावर होतात. घरी फक्त मोबाइल असलेल्या मुलाला पडद्यावरचा प्रश्न वाचून शेजारच्या कागदावर गणित करणं सुरुवातीला जड जातं. मित्राच्या घरी किंवा कॅफेत आठवड्यातून एकदा तासभर बसवा. सरावाला आयआयटी कानपूर आणि शिक्षण मंत्रालयाचं ‘साथी’ हे संकेतस्थळ फुकट आहे.

कॉलेज आणि क्लास

गंगापूर रोड, कॉलेज रोडवरच्या फलकांवरचे चेहरे मोजू नका. एकच चेहरा दोन फलकांवर दिसला, असंही होतं. क्लासच्या कार्यालयात बसून हे विचारा: मागच्या वर्षी या बॅचमध्ये एकूण किती मुलं होती आणि मधल्या मुलाला किती पर्सेंटाइल मिळाले? शिकवणारे सर वर्षभर हेच राहतील का? पेपर तपासून चर्चा कोण करतं? एका बाकावर किती मुलं? आणि तीन दिवस फुकट बसू द्याल का? पहिल्याच प्रश्नाला समोरचा माणूस पाणी मागवायला लागला तर समजून घ्या.

फी एकरकमी देऊ नका, पावती घ्या. केंद्राच्या शिक्षण मंत्रालयानं जानेवारी २०२४ मध्ये कोचिंग केंद्रांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांनुसार १६ वर्षांखालच्या मुलाचं नाव घालू नये, माध्यमिक परीक्षेनंतरच घालावं, आणि मुलानं मधेच सोडलं तर उरलेल्या मुदतीची फी परत करावी. आठवीची बॅच विकायला आलेल्या माणसाला हे वाचून दाखवता येतं.

‘इंटिग्रेटेड’चा मोह जपून. कॉलेज कागदावर आणि मूल दिवसभर क्लासमध्ये, असा तो मामला. बारावीत भौतिक, रसायन, जीवशास्त्राच्या प्रात्यक्षिकाचे ३०-३० गुण असतात. ज्यानं दोन वर्षांत व्हर्नियर कॅलिपर हातात धरलेलं नाही, त्याला जानेवारीत एका दुपारी सगळं उरकून दाखवतात. गुण मिळतातही. पण मोजमाप, त्रुटी, परिपथ यांवरचे प्रश्न हात लावल्याशिवाय कळत नाहीत.

क्लास परवडत नसेल तरी वाट आहे. इतर मागासवर्ग, विमुक्त-भटक्या जमाती आणि विशेष मागास प्रवर्गातल्या मुलांसाठी महाज्योती ही राज्य शासनाची संस्था दहावीनंतर जेईई-नीट-सीईटीचं मोफत ऑनलाइन प्रशिक्षण देते. त्याची जाहिरात दहावीच्या निकालाच्या आसपास शोधा. पेठ-सुरगाण्याच्या आदिवासी मुलांनी आपल्या प्रकल्प कार्यालयात योजनांची चौकशी करावी. आदिवासी विकास आयुक्तालय तर नाशिकमध्येच आहे. ग्रामीण भागातल्या मुलींना बारावीपर्यंत एसटीचा पास मोफत आहे. आणि मुलीच्या पुढच्या फीची धास्ती घेतलेल्या वडिलांना हे सांगा: २०२४-२५ पासून ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातल्या ओबीसी, एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिक मागास), ईडब्ल्यूएस मुलींना केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून (‘कॅप’) व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश मिळाल्यास शिक्षण आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे.

अकरावी: चुकांची वही

अकरावीला ‘रेस्ट इयर’ म्हणणाऱ्या मुलांना मी हिशेब मांडून दाखवते. सीईटीत अकरावीवरचे प्रत्येक विषयाचे १० प्रश्न, म्हणजे पीसीएमचे ४० गुण. जेईई-नीटमध्ये तर अकरावीचा वाटा जवळपास निम्मा. सीईटीला अकरावीचे ठरावीक धडेच येतात. ती यादी सीईटी सेलच्या संकेतस्थळावर असते, छापून टेबलासमोर लावा.

पुस्तकं कमी ठेवा. सीईटीला राज्य मंडळाचं पाठ्यपुस्तक आणि एक प्रश्नसंच. नीटच्या जीवशास्त्राला एनसीईआरटीचं (केंद्राचं) पाठ्यपुस्तक, ओळ न् ओळ, आकृत्यांच्या खालच्या मजकुरासकट. जेईईला एनसीईआरटीनंतर एकच जाड पुस्तक, पण ते पुरं.

आता ती वही. दर रविवारी सकाळी एक पेपर, घड्याळ लावून. मिसळ खायची ती पेपर झाल्यावर. मग दुपारी त्याच पेपरशी दीड तास. प्रत्येक चुकलेल्या प्रश्नापुढे एक खूण: ‘क’ म्हणजे कळलंच नव्हतं, ‘आ’ म्हणजे आकडेमोड घसरली, ‘वा’ म्हणजे वाचण्यात चूक, ‘वे’ म्हणजे वेळ पुरला नाही. वहीत प्रश्न उतरवायचा, आपलं चुकलेलं पाऊल लाल शाईनं, बरोबर पाऊल निळ्यानं, आणि खाली एका ओळीत कारण. ‘दुर्लक्ष’ हे कारण चालत नाही. ‘सेंटिमीटरचे मीटर केले नाहीत’ हे चालतं.

महिन्यानं खुणा मोजा. ‘क’ जास्त असतील तर धडा पुन्हा शिका, आणखी पेपर सोडवून उपयोग नाही. ‘आ’ जास्त असतील तर आठवीचीच वीस मिनिटं परत सुरू करा, लाज नको. ‘वा’ जास्त असतील तर प्रश्नातला ‘नॉट’ आणि एकक यांना पेन्सिलीनं गोल करायची सवय लावा, संगणकावर असाल तर कच्च्या कागदावर लिहून घ्या. ‘वे’ जास्त असतील तर पेपर तीन फेऱ्यांत सोडवा: येतं ते पहिल्या फेरीत, वेळखाऊ दुसऱ्या, उरलेलं तिसऱ्या. पालकांनी गुण विचारू नयेत, ही वही मागावी.

अंदाजाचं गणितही याच वर्षी समजून घ्या. सीईटीत गुण कापत नाहीत, म्हणून एकही प्रश्न कोरा सोडणं हा शुद्ध तोटा. जेईई-नीटच्या चार पर्यायांत आंधळेपणानं मारलं तर सरासरी पाव गुण हाती येतो, म्हणजे जवळपास काहीच नाही. दोन पर्याय खात्रीनं खोडता आले तर सरासरी दीड गुण. म्हणून पर्याय खोडायला शिका.

आणि पर्सेंटाइल म्हणजे टक्के नव्हेत. १०० मुलांत ९० पर्सेंटाइल म्हणजे साधारण ९० जण तुमच्याइतकेच किंवा मागे. पेपरात गुण भले निम्मेच असोत. परीक्षा अनेक सत्रांत होते म्हणून ही पद्धत. शेजारच्या काकांना हे समजावत बसू नका.

बारावीचं वर्ष

अभ्यासक्रम नोव्हेंबरअखेर संपवायचा, हे एकच कलम पाळलं तर बाकीचं जमतं. दिवाळीनंतर जुने पेपर. जानेवारीत जेईईचं पहिलं सत्र आणि प्रात्यक्षिकं, फेब्रुवारी-मार्चमध्ये बोर्ड, मग सीईटी, मे महिन्यात नीट. नेमक्या तारखा दरवर्षी सूचनेत पाहा, व्हॉट्सॲपवर आलेल्या चित्रात नको. बोर्डाच्या दीड महिन्यात बहुपर्यायी सराव पूर्ण सोडू नका, रोज पंचवीस प्रश्न चालू ठेवा.

निफाड-दिंडोरीच्या द्राक्षवाल्या घरांत हेच महिने बागेच्या तोडणीचे. ऑक्टोबर छाटणीच्या वेळीच घरात बोलून घ्या, की तोडणीला मजूर जास्त लावायचा आणि पोराला फक्त हिशेबापुरतं बोलवायचं. शहरात रंगपंचमीची रहाड (रंगाच्या पाण्याचा हौद) याच दिवसांत येते. एका उडीनं काही बिघडत नाही. सर्दीनं बिघडतं, म्हणून दुसऱ्या दिवशी पेपर असेल तर काठावरूनच बघा.

केंद्र कुठं आलं ते प्रवेशपत्रावर पाहून आदल्या दिवशी जाऊन या. सिडकोतून आडगावला सकाळी किती वेळ लागतो, याचा अंदाज रविवारी दुपारी घेऊन उपयोग नाही, त्याच वेळेला निघून बघा. २०२७ मध्ये बारावी संपणाऱ्यांनी आणखी एक नोंद करावी: त्या वर्षी ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये नाशिकच्या सिंहस्थ कुंभमेळ्याची अमृतस्नानं आहेत आणि प्रवेशाच्या कॅप फेऱ्याही साधारण त्याच सुमाराला चालतात. कागद पडताळणी घरून ऑनलाइन करता येते, तोच पर्याय घ्या.

कॅपचा ऑप्शन फॉर्म (कॉलेजांच्या पसंतीक्रमाचा) मात्र सायबर कॅफेवाल्यावर सोपवू नका. आदल्या वर्षीचे कटऑफ समोर ठेवा, पण पसंतीचा क्रम आपल्या इच्छेनं लावा: सगळ्यांत हवंसं वर, मग उतरत. ‘तिथं लागणारच नाही’ म्हणून आवडतं कॉलेज खाली टाकलं आणि सेफ म्हणून दुसरंच पहिल्या क्रमांकावर लिहिलं, तर पहिल्या फेरीत तेच मिळतं. पहिल्या पसंतीची जागा मिळाली की ती घ्यावीच लागते, पुढच्या फेऱ्या बंद. फॉर्म पक्का करण्याआधी कागदावर लिहून एक रात्र जाऊ द्या, सकाळी पुन्हा वाचा, मग बटण दाबा आणि पासवर्ड स्वतःजवळ ठेवा.